चेन्नई–पोर्ट ब्लेअर विमान: वहीतली नोंद

एसटीत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. गाडी कधी लागली, कधी सुटली हे टिपायची खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. जानेवारीत अंदमानला निघालो तेव्हा खिशात वही होतीच. विमानात ती उघडल्यावर बायकोनं 'मी यांना ओळखत नाही' असा चेहरा करून खिडकीकडे तोंड फिरवलं.

तिकिटावर चेन्नई ८.०५, पोर्ट ब्लेअर १०.२०. (शहराचं नाव २०२४पासून श्री विजयपुरम, पण आमचा टॅक्सीवाला जुनंच म्हणत होता.) आता माझी नोंद: दार बंद ८.०१, विमान हललं ८.०७, चाकं सुटली ८.२६, टेकली १०.१३, उभं राहिलं १०.१९. म्हणजे हवेत १ तास ४७ मिनिटं. सरळ रेषेत अंतर १,३७० किलोमीटरच्या आसपास, तेव्हा सरासरी ताशी साडेसातशेच्या वर पडली. कुणी पावणेदोन तास सांगतं, कुणी सव्वादोन. दोघंही खरंच बोलतात. एकानं हवेतली मिनिटं मोजली, दुसऱ्यानं जमिनीवर रांगण्याचीही धरली. तिकिटावर दुसरी छापतात. एक मिनिट आधी पोच! आमच्या आगारात असा ड्रायव्हर असता तर मी स्वतः चहा पाजला असता.

चहावरून आठवलं. गरम पाणी ओतून झाकण लावलेल्या कपात जे मिळालं त्याला पोहे म्हणवत नाही. शेंगदाणे मोजले, तीन.

खरे हाल कनेक्शनचे. पुण्याहून रात्री दीडला चेन्नईत उतरलो आणि सकाळपर्यंत लोखंडी खुर्चीवर. पावणेदोन तासांच्या उड्डाणासाठी साडेसहा तास ताटकळणं! नकाशा बघून वाटतं कोलकात्याहून जावं, तिथून अंदमान थोडं जवळ, तेराशे किलोमीटर. पण पुणेकरांनी या मोहात पडू नये. आधी कोलकाता गाठायलाच पंधराशे ऐंशी, चेन्नई मात्र नऊशे दहा. एकूण सहाशे किलोमीटरचा वळसा पडतो. शेजारचे अंदमानी गृहस्थ सामान जास्त असलं की चेन्नईहून जहाजानं येतात म्हणाले, अडीच-तीन दिवस. माझी कंबर नको म्हणाली.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. घड्याळ बदलावं लागत नाही, सूर्य बदलतो. चेन्नई आणि पोर्ट ब्लेअरच्या रेखांशात साडेबारा अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे पन्नास मिनिटं. जानेवारीत तिथं सव्वापाचला सूर्य बुडाला. पुण्यात तेव्हा उन्हं नुकती कलत असतात. दुपारच्या विमानानं गेलात तर हॉटेलात बॅगा टाकेपर्यंत अंधार. सकाळचंच घ्या. आम्ही त्याच दिवशी तीनला सेल्युलर जेलमध्ये होतो. सावरकरांची कोठडी बघून बाहेर आलो तेव्हा बायको पहिल्यांदाच म्हणाली, 'लिही वहीत.' मला काही लिहायला सुचलं नाही.

जातानाच्या विमानाला दहापैकी नऊ. एक गुण पोह्यांचा कापला.

परतीचं पावणेदोन तास उशिरा. कारण विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'ऑपरेशनल, सर.' हे उत्तर मी स्टँडवर दिलं असतं तर प्रवाशांनी चौकशीची खिडकी उखडली असती. ती नोंद लाल पेनानं आहे.