अमरावतीत पोराच्या दाढा: गॅस लावून केलेलं काम

मोर्शीजवळच्या आमच्या गावाहून अमरावतीला एसटीनं दीड तास लागतो. पोराच्या किडलेल्या दाढांसाठी दातांच्या डॉक्टरबाईंकडे केलेली पहिली खेप फुकट गेली. पोराला सर्दी होती, अन् दाताचं काम करताना पोराची भीती कमी करायला देतात तो हसवणारा गॅस (नायट्रस ऑक्साइड) नाकानंच ओढावा लागते. नाक चोंदलं असलं तर काम होत नाही, हे फोनवरच सांगायचं ना! ऐन संत्रा तोडाईत एक दिवस पाडून गेलो होतो.

तरी दुसऱ्यांदा गेलोच. कारण आधी दुसऱ्या एका ठिकाणी चौघांनी हातपाय धरून दाढ कोरायला घेतली होती. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की आमचं साडेपाच वर्षांचं पोट्टं खाटेखाली घुसे. दुधाची दाढ आहे, पडेल आपोआप, असं घरचे म्हणत. पण मागची दाढ पडायला दहा-अकरा वर्षांचं व्हावं लागते, तोवर त्यानं जेवायचं कसं?

डॉक्टरबाईंनी मास्क आधी माझ्याच नाकावर ठेवून दाखवला. स्ट्रॉबेरीचा वास होता. मग पोराच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आधी नुसता ऑक्सिजन दिला, मग हळूहळू गॅस वाढवला. माझा पदर त्यानं मुठीत गच्च धरला होता. दोन-तीन मिनिटांत मूठ आपोआप सुटली. "मम्मी, माह्ये पाय मऊ झाले," म्हणे!

सासूबाईंना वाटलं होतं, पोराला बेशुद्ध करतात. तसं नाही. तो जागाच होता, 'आ कर' म्हटलं की आ करत होता. दाढ मात्र गॅसनं बधिर होत नाही, इंजेक्शन द्यावंच लागलं. "मुंगी चावली," एवढंच बोलला. दाढेतल्या नसेचा वरचा किडलेला भाग काढून दाढेवर स्टीलची टोपी बसवली. शेवटी पाच मिनिटं परत ऑक्सिजन दिला, अन् पोट्टं स्वतःच्या पायानं जिना उतरलं.

गॅसचे पैसे वेगळे लागतात, हे बिल हातात आल्यावर कळलं. तेही आधी सांगायला पाहिजे होतं.

ओठ दोन-तीन तास बधिर राहील, चावू देऊ नका, असं बाईंनी बजावलं होतं. मला एसटीत डुलकी लागली. मोर्शीला उतरलो तर खालचा ओठ चावून भज्यासारखा फुगवलेला! चार दिवस संत्र्याची फोड तोंडाला लागू दिली नाही त्यानं.

दुसरी दाढ पुढच्या महिन्यात आहे. या खेपेला नाक पाहूनच निघीन, अन् एसटीत झोपणार नाही.