हार्टवर्मसाठी महिन्याची गोळी की मानेवरचे थेंब?

कुत्र्याला हार्टवर्मचं, म्हणजे डासांमुळे होणाऱ्या जंतांचं, प्रतिबंधक सुरू करायचं ठरलं की डॉक्टर दोन वाटा दाखवतात: महिन्यातून एकदा पोटात द्यायची गोळी, नाहीतर महिन्यातून एकदा मानेवरचे केस बाजूला सारून कातडीवर सोडायचे थेंब. आमच्या भुऱ्याला दोन्ही देऊन झालंय. गिरणाकाठी, भडगावकडे आमचा केळीचा मळा आहे. कुत्रा दिवसभर मळ्यात असतो, रात्री ओट्यावर. तुमचा जळगावात फ्लॅटमधल्या सोफ्यावर झोपत असेल, तर माझं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही.

'डासच येऊ देत नाही, औषध कशाला?' म्हणणारे भेटतात. पण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी ड्रम आणि टाक्या भरलेल्या. मे महिन्याच्या ४४-४५ अंशांत बाहेरचे डास कमी होतात खरे, तर कूलरच्या टबात त्यांची सोय आपणच लावून देतो. शिवाय हार्टवर्मला ठरावीक जातीचाच डास लागतो असंही नाही. क्युलेक्स, एडीस, ॲनाफिलीस, सगळ्यांतल्या कितीतरी जाती चालतात. बाधित कुत्र्याच्या रक्तातून अळ्या डासात जातात, आपल्याकडच्या उबेत साधारण दोन आठवड्यांत तयार होतात आणि पुढच्या चाव्याच्या वेळी दुसऱ्या कुत्र्याच्या कातडीवर उतरून त्याच छिद्रातून आत शिरतात. सहा-सात महिन्यांनी फुप्फुसाच्या धमन्यांत वीतभराहून लांब माद्या. कडुनिंबाचा धूर जरूर करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

खान्देशात हा आजार आहे का, हा प्रश्न रास्त आहे. हार्टवर्मच्या, म्हणजे डायरोफिलारिया इमिटिसच्या, आपल्या देशातल्या नोंदी जास्त करून आसाम-मिझोरामकडच्या. केरळात त्याचा भाऊबंद डायरोफिलारिया रेपन्स जास्त सापडतो. तो कातडीखाली राहतो, आणि माणसाच्या डोळ्यातूनही काढावा लागल्याची उदाहरणं आहेत. पण कुत्री हल्ली कुठून कुठे विकली जातात, आणि डास जात-गाव विचारत नाही.

अळ्या मारण्याच्या कामात गोळी आणि थेंब, दोघांमध्ये मला फरक दिसलेला नाही. तो घरबसल्या दिसण्यासारखाही नाही. गोळीत आयव्हरमेक्टिन किंवा मिल्बेमायसिन, थेंबांत मॉक्सिडेक्टिन किंवा सेलामेक्टिन, सगळी एकाच कुळातली. डासाला चावण्यापासून ती रोखत नाहीत, आणि मोठे झालेले जंत मारायचं ते औषध नव्हे. मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारायच्या, एवढंच काम. म्हणून कुठलं भारी यापेक्षा, कुठलं दर महिन्याला नीट दिलं जातं हे बघायचं.

थेंबांच्या बाजूने बोलायचं तर भांडण नाही, थुंकाथुंकी नाही. मॉक्सिडेक्टिनबरोबर इमिडाक्लोप्रिड असलेले थेंब पिसवाही मारतात. याचा एक आडून फायदा आहे: पिसवांमधून येणारा एक निरुपद्रवी जंत असतो, त्याच्या अळ्या रक्ततपासणीच्या काचपट्टीवर हार्टवर्मसारख्याच वळवळतात आणि उगाच धडकी भरवतात. मॉक्सिडेक्टिनचे थेंब रेपन्सवरही चालतात.

माझं घोडं अडलं ते पाण्यापाशी. त्या थेंबांच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, चार दिवस कुत्र्याला तळ्या-नाल्यात पोहू देऊ नका; औषध पाण्यातल्या जिवांना मारक आहे. वारंवार भिजलं तर असरही कमी होतो. आता मळ्यातल्या कुत्र्याला हे कोण सांगणार? ऊन तापलं की भुऱ्या ठिबकच्या गळक्या जोडापाशी खड्डा उकरून चिखलात पोट टेकतो, तिथून उठला की थेट शेततळ्यात. बांधून ठेवला तर भुंकून शेजारचा मळा डोक्यावर घेतो. त्यात गोठ्यातलं पारडू त्याची मान चाटतं, तेही नेमकं थेंब टाकल्यावर! औषध वाळेपर्यंत पोरांना हात लावू द्यायचा नाही, ते वेगळंच. दर महिन्याला हा पहारा कोण करणार?

गोळीलाही खोडी आहे. कळण्याच्या भाकरीत गुंडाळून दिली तर भाकरी पोटात आणि गोळी ओट्याच्या कोपऱ्यात, चाटून स्वच्छ केलेली. घट्ट सायीत किंवा गुळाच्या खड्यात दाबून दिली की जाते. मात्र नंतर तासभर नजर ठेवावी. ओकला तर डॉक्टरांना विचारून परत द्यावी. मिल्बेमायसिनसोबत अफॉक्सोलानर असलेली चघळायची गोळी महाग पडते, पण तिच्यात गोचीडही मरतात, आणि आपल्याकडे खरा ताप गोचिडांचाच. फिट येणाऱ्या कुत्र्याला मात्र ती डॉक्टरांशी बोलूनच.

काहीही निवडा, मोठ्या कुत्र्याची आधी रक्ततपासणी करून घ्या. रक्तात अळ्या भरपूर असताना औषध दिलं तर त्या एकदम मरून कुत्रा कोसळू शकतो. आणि गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने टोचू नका. हार्टवर्मसाठीचा डोस किलोला ६ मायक्रोग्रॅम, खरजेचा २०० च्या पुढे. कोली जातीच्या काही कुत्र्यांना तर खरजेचा डोस जिवावर बेततो.

कुत्रा घरातच राहत असेल, पाण्याशी संबंध फक्त आंघोळीपुरता असेल, किंवा तोंडाला हात लावला की चावत असेल, तर थेंब घ्या, मी आड येणार नाही. आमच्याकडे गोळीच टिकली. तारीख आई सांभाळते. 'कुत्राले बी गोयी?' म्हणून आधी हसली होती. आता दर अमावास्येला डबी तीच काढते. अमावास्या ते अमावास्या २९-३० दिवस, औषधाच्या हिशेबात अगदी बसतं. पोळ्याच्या अमावास्येला बैलांबरोबर भुऱ्यालाही पुरणपोळी असते, आणि पुरणातली गोळी त्याने आजवर कधी थुंकलेली नाही.