घसरणारा हात: नऊ महिन्यांनंतरचं वॉल-माउंट एक्स-रे मशीन

मशीन दातांच्या एक्स-रेचं: ७० केव्ही, ८ एमए, डीसी, म्हणजे ट्यूबला स्थिर व्होल्टेज देणारं. बाकीचं ब्रोशरमध्ये आहे, ते तुम्ही वाचलंच असेल. मी लिहितोय ते त्याच्या हाताबद्दल, म्हणजे किरणांची ट्यूब असलेलं हेड तोलून धरणाऱ्या भिंतीवरच्या दांड्याबद्दल, कारण नऊ महिने त्या हातानेच माझं डोकं खाल्लंय.

गेल्या महिन्यातली गोष्ट. एका आजोबांच्या वरच्या दाढेचा आयओपीए, म्हणजे मुळाच्या टोकापर्यंतचा छोटा एक्स-रे. तोंडात सेन्सर (फिल्मऐवजी असतो तो) कसाबसा बसवला, कोन, म्हणजे हेडचं पुढचं नळकांडं, गालाला लावला, पार्टिशनमागे गेलो. बटण दाबणार, तेवढ्यात आजोबा सेन्सर दातात धरूनच 'ऊं ऊं' करायला लागले आणि बोटाने खाली दाखवू लागले. बघतो तर गालावरचा कोन ओठांच्या कोपऱ्याशी!

हात घसरतो. धपकन नाही, सावकाश, बोटभर. खुर्चीपासून पार्टिशनपर्यंत जायला मला सहा-सात सेकंद लागतात, तेवढे त्याला पुरतात. एक्स्पोजर ०.१ सेकंदाचं, त्यामुळे चित्र हलत नाही. पण किरण खालून जातात आणि स्क्रीनवर ॲपेक्स, म्हणजे मुळाचं टोक, असायला हवं तिथे पांढरी चंद्रकोर उमटते. मग रिटेक. पेशंटला किरणांचा दुसरा डोस आणि मला 'डॉक्टर, परत का?' हा प्रश्न.

यात सगळ्यात जास्त चिडलो ते चौकोनी कोलिमेटरपायी, म्हणजे किरणांचा झोत आवळणाऱ्या कोनाच्या तोंडापायी. हौसेने वेगळे पैसे मोजून घेतला होता. गोल कोनाचं तोंड ६ सेंमी व्यासाचं, म्हणजे गालावर साधारण २८ चौरस सेंमी भागावर किरण. सेन्सर त्याच्या निम्म्याचाही नाही. माझा चौकोन ३ बाय ४ चा, म्हणजे १२. निम्म्याहून जास्त कातडी वाचते, तीही ॲप्रन-बिप्रनच्या भानगडीशिवाय. पण चौकोनात कडेला मोकळी जागाच उरत नाही. हात अर्धा सेंमी सरकला की कोन कट, म्हणजे चित्राची कड कोरी, ठरलेला. तीन आठवड्यांत कंटाळलो आणि तो कपाटात टाकला. मशीनच्या नावाने बोटं मोडली ती तेव्हापासून.

(ॲप्रनवरून आठवलं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सांगितलं की दातांच्या एक्स-रेला लेड ॲप्रन आणि थायरॉईड कॉलर आता नको, त्यापेक्षा झोत आवळा. आमच्याकडे ॲप्रन घातला नाही तर पेशंट घरी जाऊन सांगेल की डॉक्टर हलगर्जी आहे. मी घालतो.)

सर्व्हिसला फोन केला. 'सर, सगळ्याच मशीनचं थोडंफार होतं. असिस्टंटला हेड धरायला सांगा ना.' हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. एक्स-रे मशीन विकणाऱ्याने हे सांगावं! पेशंटच्या चेहऱ्यावरून विखुरलेले किरण अंतराच्या वर्गाने कमी होतात. अर्ध्या मीटरवर जेवढे पोचतात, त्याचा सोळावा हिस्सा दोन मीटरवर. हेड धरणारी आमची ताई तर अर्ध्या मीटरच्याही आत उभी राहणार, तेही दिवसातून दहा वेळा. एका एक्स-रेचा डोस नगण्य हे मलाही कळतं, पण पेशंट वर्षातून एकदा येतो, ताई रोज येते. न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स स्वतःचा हात किरणांत धरून ट्यूब तपासायचे. आधी बोटं गेली, मग हातच कापावा लागला. तेव्हाचे डोस भयंकर होते, आजच्याशी तुलना नाही, पण ट्यूबला माणसाचा हात लागता कामा नये ही शिकवण तिथूनच आली.

पहिला इंजिनिअर आला, हेड दोनदा वर-खाली केलं, 'ओके आहे' म्हणाला आणि वॉरंटीत असूनही २,८०० रुपयांचं व्हिजिट बिल ठेवून गेला.

आता इथे मला थोडं मागे यावं लागेल. दुसऱ्या खेपेला आलेला पोरगा वयाने लहान, पण खिशातून आधी पाणपातळी काढली. भिंतीवरची पट्टी एका बाजूला झुकलेली. लोखंडी फ्रेमचे पैसे वाचवायला मी सुताराकडून प्लायवूड ठोकून घेतलं होतं, त्याने अंग टाकलंय. म्हणजे हात खाली येता येता आडवाही फिरायचा तो माझ्या कंजूषपणामुळे, आणि तीन महिने त्याच्या शिव्या मी कंपनीला घातल्या. खाली उतरायचा ते मात्र त्यांचंच. आतल्या स्प्रिंगचा ताण कमी होता. ॲलन की (षटकोनी पाना), दोन आटे, चार मिनिटं. पहिल्याला हे का जमलं नाही?

तर आता हात जागेवर थांबतो. चौकोनी कोलिमेटर कपाटातून बाहेर आलाय. बाकी मशीनला नाव ठेवायला जागा नाही. जुन्या एसी मशीनमध्ये व्होल्टेज सारखं चढ-उतार करायचं, त्यातले मऊ, म्हणजे कमी ताकदीचे, किरण फिल्मपर्यंत न पोचता गालातच जिरायचे. डीसीत ते कमी, आणि आरव्हीजीला, म्हणजे सेन्सरवरच्या डिजिटल एक्स-रेला, लागणारं इवलंसं टायमिंगही दर वेळी सारखंच निघतं. एईआरबीसाठीच्या (किरणोत्सर्गाच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारं सरकारी मंडळ) क्यूएमध्येही, म्हणजे मशीनच्या तपासणीतही, काही निघालं नाही.

ॲलन की मी स्वतःच आणून ड्रॉवरमध्ये ठेवलीय, पंचावन्न रुपयांची. ते २,८०० चं बिल अजून भरलेलं नाही, भरणारही नाही.