घोडबंदर रस्त्यावरचा तरण तलाव आणि माझे 20,06,488 रुपये

घोडबंदर रस्त्यावर स्विमिंग पूल असलेल्या संकुलात घर घ्यावे की नाही, या विचारात जे असतील त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. सुविधा दाखवून घरे कशी विकली जातात हे सर्वांनी ऐकलेले असते, मीही ऐकले होते, आणि तरीही माझे 20,06,488 रुपये गेले. हा आकडा घराचा नाही, निव्वळ तलावाचा आहे, आणि तो तलाव आम्हाला मिळालाच नाही. कासारवडवलीच्या बाजूला तेवढ्याच चटई क्षेत्राचा, तलाव नसलेला फ्लॅट 1,04,00,000 रुपयांना मिळत होता. आम्ही 1,18,00,000 रुपयांचा घेतला. वरच्या 14,00,000 रुपयांवर 7 टक्क्यांनी मुद्रांक शुल्काचे 98,000, 5 टक्क्यांनी जीएसटीचे 70,000, तलाव ज्यात येतो त्या क्लबच्या सदस्यत्वाचे जीएसटीसह 4,13,000 आणि ताबा घेताना क्लबच्या देखभालीचे 24 महिन्यांचे आगाऊ, तेही जीएसटीसह, 25,488, अशी ही बेरीज आहे.

हे पैसे हौसेपायी उधळले, असे नातेवाइकांनी तोंडावर ऐकवले, म्हणून सांगतो. पत्नीच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सुचवले होते, मुलीला पोहायला शिकायचे होते, आणि वाघबीळच्या पुढे राहणाऱ्याने संध्याकाळी मेट्रोच्या कामातून वाट काढत महापालिकेचा मारोतराव शिंदे तरण तलाव गाठायचा म्हणजे काय, हे ठाणेकरांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आम्हाला दाखवलेला तलाव चित्रातला नव्हता, खराखुरा होता. सेल्स ऑफिसच्या मागे, सॅम्पल फ्लॅटला लागून, निळ्या टाइल्स, लाकडी आरामखुर्च्या, काठाला कुंड्या, आणि एक माणूस लांब दांड्याच्या जाळीने पाण्यावरची पाने काढत होता. त्याच वेळी कुंपणाच्या फटीतून आलेला टँकरचा जाड पाइप काठावरून आत सोडलेला होता. ते दृश्य आजही डोळ्यांसमोर येते आणि अंगाचा तिळपापड होतो. काठाला सांडणारे पाणी परत घेणारी जाळी नव्हती, गाळणी यंत्राचा आवाज नव्हता, क्लोरीनचा वास नव्हता. 12 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल तलावात 86,400 लिटर पाणी मावते, म्हणजे 10,000 लिटरचे जवळजवळ नऊ टँकर. ते पाणी सतत गाळून फिरवले नाही तर थोड्याच दिवसांत हिरवे पडते. मी विचारलेही, की पंपाची खोली कुठे आहे. ‘सर, ती बेसमेंटमध्ये येणार आहे,’ असे त्या टाय लावलेल्या मुलाने पापणीही न लववता सांगितले. समोर पाणी दिसत असताना कोणता शहाणा माणूस त्याखालच्या जमिनीचा सातबारा मागतो?

तो मागायला हवा, एवढेच आता सांगतो. तो तलाव ज्या सर्व्हे नंबरवर होता ती जमीन बिल्डरची नव्हतीच. सेल्स ऑफिस उभारण्यापुरती ती मूळ मालकाकडून भाड्याने घेतलेली होती. सर्व्हे नंबर आणि हिस्सा हाती असला तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबाऱ्यावरचे नाव घरबसल्या दिसते. आमच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला येण्याची परवानगी, मिळाले, आम्ही राहायला आलो, आणि पाठोपाठ तलावाभोवती पत्रे लागले. फरशीचे तुकडे, प्लास्टरचा राडारोडा, तुटलेली कमोड असे सगळे डेब्रिज त्यात ओतून तो सपाट करण्यात आला आणि जागा मालकाला परत गेली.

करारनामा वाचला नव्हता का, असे विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न आहे की दीडशेच्या आसपास पानांचा इंग्रजी मसुदा दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदणीच्या वेळेच्या आदल्या रात्री ईमेलवर आला, तर तो कोण आणि कसा वाचणार? त्यात एका कलमात ‘क्लब व तत्सम सुविधा भविष्यातील टप्प्यात, विकासकाच्या निर्णयाधीन’ असे शब्द आहेत, आणि तो भविष्यातील टप्पा महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदवलेलाच नाही. तेव्हा प्रकल्पाची नोंदणी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. दाखवलेली सुविधा तुमच्याच टप्प्याच्या नोंदणीत आणि मंजूर आराखड्यात आहे का, ते पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे, त्यामुळे मसुदा हाती येईपर्यंत घाई करण्याचे कारण नसते, बिल्डर काहीही म्हणो.

यानंतरची कहाणी सरकारी टेबलांची आहे. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने अर्ज अर्धा वाचून ‘फ्लॅट मिळाला ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे,’ असे म्हणून तो परत सरकवला आणि पोच द्यायलाही खळखळ केली. बांधकाम परवानग्या देणाऱ्या कार्यालयात उत्तर मिळाले की मंजूर आराखड्यात तलावच नाही, तेव्हा तो बांधला नाही ही तक्रार त्यांच्याकडे येऊच शकत नाही. मग इतका काळ तो पाण्याने भरलेला तलाव कोणाच्या परवानगीने उभा होता, असे विचारल्यावर तेच साहेब म्हणाले, की आता तो जागेवर नसल्यामुळे पाहणी करता येत नाही! कायदेशीर तपासणीचे शुल्क आमच्याकडून घेऊन कर्ज देणाऱ्या बँकेने, आमच्या वकिलांनी फक्त इमारतीखालच्या जमिनीचे हक्क पाहिले, असे दोन ओळींत कळवून हात झटकले. करदात्याने जायचे कुठे, हे यांपैकी एकाही कागदावर लिहिलेले नाही.

स्थावर संपदा कायदा, 2016 च्या कलम 12 नुसार जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते, आणि भरपाईचा निवाडा महारेराचा न्यायनिर्णय अधिकारी करतो. हे मला कोणत्याही कार्यालयाने सांगितले नाही, शेजारच्या विंगमधल्या निवृत्त कारकुनांनी सांगितले. माझा तो अर्ज दाखल झाला आहे. त्यात आज उपयोगी पडत आहेत ते रंगीत माहितीपत्रक, तारखेसह काढलेले तलावाचे फोटो आणि ‘क्लब सदस्यत्व’ असे स्पष्ट लिहिलेली 4,13,000 रुपयांची पावती. माहितीपत्रक रद्दीत घालू नका, आणि सेल्सच्या मुलाने फोनवर दिलेले आश्वासन त्याच्याकडून ईमेलवर लिहून घ्या.

आगाऊ भरलेले 24 महिने गेल्या महिन्यात संपले आणि नव्या बिलात क्लबच्या देखभालीची रक्कम पुन्हा लागली. आम्ही ती वगळून उरलेल्या रकमेचा चेक दिला आणि सहीशिक्क्यासह पोच घेतली. आमच्या इमारतीतल्या ज्यांनी बिल पूर्ण भरले आहे त्यांनी निदान लेखी हरकत तरी या आठवड्यात द्यावी, कारण बिनतक्रार भरलेले तेच पैसे बिल्डरचा वकील उद्या आपली संमती म्हणून पुढे करील.