फायरफॉक्स : किनाऱ्यावरच्या सेवा केंद्रातला मुख्य ब्राउझर

सिंधुदुर्गात सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाचे जवळजवळ सगळे काम ब्राउझरच्या खिडकीतच होते. सातबारा उतारा, आंबा-काजूच्या फळपीक विम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, गणपतीत गावी येणाऱ्या चाकरमान्यांची तिकिटे अशी ही कामे असतात. त्यांच्या जोडीला मी बागायतदारांच्या आणि होमस्टे चालवणाऱ्यांच्या लहान संकेतस्थळांची देखभालही करतो. या दोन्ही कामांसाठी मी मोझिलाचा फायरफॉक्स हा मुख्य ब्राउझर म्हणून वापरतो आणि शेजारी क्रोम ठेवतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आजच्या घडीला फायरफॉक्स हा सर्वांत भरवशाचा ब्राउझर आहे, आणि तो वापरताना जो मनस्ताप होतो त्यातला बहुतेक संकेतस्थळे बनवणाऱ्यांनी ओढवलेला आहे.

ब्राउझरांची नावे पुष्कळ असली तरी पान प्रत्यक्ष मांडून दाखवणारी मोठी इंजिने आता तीनच उरली आहेत: गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. त्यातले ब्लिंकही २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघाले. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचे प्रेस्टो इंजिन सोडून दिले आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने एजसुद्धा क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच ब्लिंकवाल्या पायावर, आणला. ब्रेव्ह, विवाल्डी आणि सॅमसंगच्या फोनमधला ब्राउझर याच घराण्यातले आहेत. त्यामुळे क्रोममध्ये पान अडले म्हणून एज उघडणाऱ्याला बहुधा तेच पान तसेच अडलेले दिसते. ‘दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा’ या सल्ल्याला अर्थ असतो तो दुसऱ्याचे इंजिन वेगळे असेल तेव्हाच, आणि विंडोजच्या संगणकावर तसा नावाजलेला पर्याय म्हणजे फायरफॉक्सच.

केंद्राच्या कामात फायरफॉक्सची जी सोय मला सर्वांत मोलाची वाटते, ती बहुतेक परीक्षणांत एका ओळीत उरकली जाते. मोझिलानेच बनवलेले मल्टी-अकाउंट कंटेनर्स हे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे पूरक साधन) बसवले की प्रत्येक टॅब वेगळ्या कप्प्यात उघडता येतो आणि एका कप्प्यातल्या कुकीज, म्हणजे लॉगिन वगैरे लक्षात ठेवण्यासाठी संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी, दुसऱ्या कप्प्याला दिसत नाहीत. जूनमध्ये निकालानंतर समोर चार विद्यार्थी बसलेले असतात, चौघांचे अर्ज एकाच पोर्टलवर भरायचे असतात आणि एकाचा ओटीपी येईपर्यंत दुसऱ्याचे काम पुढे न्यायचे असते. एरवी एकाच खिडकीत दुसऱ्याच्या नावाने लॉगिन केले की पहिल्याचे सत्र मोडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पहिल्याच्या अर्जात दुसऱ्याची कागदपत्रे चढण्याचा धोका असतो. कंटेनरमध्ये मात्र हिरव्या रंगाच्या टॅबमध्ये एक विद्यार्थी, नारिंगी टॅबमध्ये दुसरा, असे चौघे शेजारी शेजारी सुखरूप राहतात. जिथे लोक आधार क्रमांक आणि बँकेचा तपशील विश्वासाने सांगतात, तिथे ही व्यवस्था मला अत्यावश्यक वाटते. शिवाय एका संकेतस्थळाच्या कुकीज दुसऱ्याला वापरता येऊ नयेत, ही तजवीज फायरफॉक्सने २०२२ पासून सर्वांसाठी मुळातच चालू करून दिली आहे.

दुसरा गुण रेंजशी संबंधित आहे. खाडीकाठच्या आणि घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत पावसाळ्यात फोनवर एखादी दांडी आली तरी पुरे म्हणायची वेळ असते, आणि अशा वेळी बातमीच्या पानाबरोबर येणारे जाहिरातींचे ओझे नकोसे होते. यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन ते ओझे उतरण्याआधीच थांबवते. क्रोमने २०२४ पासून एक्स्टेन्शनांची जुनी पद्धत टप्प्याटप्प्याने बंद केली आणि त्यामुळे तिथे याची मर्यादित आवृत्तीच उरली. फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवली आहे. अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येही हे एक्स्टेन्शन बसते, तर फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनांची सोयच नाही. मोबाईल डेटा पुरवून वापरणाऱ्या माणसासाठी एवढे एक कारणही पुरेसे आहे.

आता मनस्तापाकडे वळतो. एका खात्याच्या पोर्टलवर फायरफॉक्समधून गेले की लाल पट्टी येते आणि ‘हे संकेतस्थळ फक्त क्रोममध्ये उघडावे’ असे सांगून पुढची वाट बंद होते. ब्राउझर प्रत्येक मागणीबरोबर स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. मी एका एक्स्टेन्शनने ती ओळ बदलून क्रोमची केली, तेव्हा तेच पोर्टल त्याच फायरफॉक्समध्ये पहिल्या पानापासून पावतीच्या छपाईपर्यंत बिनतक्रार चालले. अडचण तंत्राची नव्हतीच. पोर्टल बनवणाऱ्याने तपासणीचे कष्ट वाचवण्यासाठी दाराला कुलूप लावले होते. ओळख पाहून दार उघडण्याची ही वाईट खोड नव्वदच्या दशकापासूनची आहे. तेव्हाचा नेटस्केप हा ब्राउझर आपली ओळख ‘मोझिला’ अशी सांगत असे, आणि त्याच्यासाठी राखलेली पाने आपल्यालाही मिळावीत म्हणून इंटरनेट एक्सप्लोररने स्वतःला मोझिला म्हणवून घेतले, आणि आजही क्रोमच्या ओळखीच्या ओळीत मोझिला, गेको आणि सफारी (ॲपलचा ब्राउझर) ही तिन्ही नावे नांदतात. पुढे आपल्याकडच्या अनेक सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी इंटरनेट एक्सप्लोररचीच शिफारस असायची. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी त्याला निवृत्त केले, आणि शिफारशीच्या जागी क्रोमचे नाव आले. वृत्ती तीच राहिली.

सगळा दोष संकेतस्थळांचा आहे असे मात्र म्हणता येणार नाही. संगणकावरच्या फायरफॉक्सची एक उणीव मला वारंवार आडवी येते. अर्जात ‘महिना आणि वर्ष’ विचारणारा रकाना असला की क्रोममध्ये निवडीची छोटी खिडकी उघडते, पण फायरफॉक्समध्ये तिथे नुसती कोरी चौकट दिसते. समोरचे काका सांगतात, ‘एप्रिल पंचवीस लिहा’, आपण तसे लिहितो, आणि पोर्टल माहिती अवैध असल्याचे सांगून अर्ज परत करते. तिथे प्रत्यक्षात आधी चार आकडी वर्ष, मग आडवी रेघ, मग दोन आकडी महिना, आणि तेही इंग्रजी आकड्यांत, असे लिहावे लागते. मग अर्ज निमूटपणे पुढे सरकतो. संगणकावरच्या सफारीतही हीच गत आहे. प्रमाणित तंत्रात हा रकाना कित्येक वर्षांपासून आहे आणि मोझिलाने तो इतका काळ रेंगाळत ठेवायला नको होता. तरीही अर्ज बनवणाऱ्याने रकान्याशेजारी नमुना छापला असता, किंवा महिना आणि वर्ष यांच्या दोन साध्या याद्या दिल्या असत्या, तर कोणीच अडले नसते.

डिजिटल सहीचे टोकन (संगणकाला जोडायचे पेनड्राइव्हसारखे उपकरण) आणि अंगठ्याचे यंत्र हा याहून खोल पाण्याचा विषय आहे. पूर्वी हे काम जावाच्या प्लगइनवर, म्हणजे ब्राउझरच्या आत चालणाऱ्या जोड-प्रोग्रामवर, चालायचे. ते प्लगइन क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये बंद केले, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते. आता संगणकावर एक छोटा प्रोग्राम चालू असतो आणि पोर्टलचे पान १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकाशी, बोलून सही किंवा ठसा मागते. या प्रोग्रामचे प्रमाणपत्र, म्हणजे तो विश्वासू असल्याची डिजिटल खूण, विंडोजच्या यादीत नोंदवले जाते. क्रोम ती यादी मानतो. फायरफॉक्स मात्र विश्वासू प्रमाणपत्रांची स्वतःची वेगळी यादी बाळगतो. परिणामी टोकन जोडलेले असते, प्रोग्राम चालू असतो, तरी फायरफॉक्समध्ये ‘सेवा उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर येते, आणि ग्राहकाला वाटते की त्याचे टोकनच बिघडले. नोव्हेंबर २०२३ च्या १२० व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स विंडोजमध्ये बाहेरून बसवलेली प्रमाणपत्रेही आपणहून मानू लागला आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. ज्या केंद्रांत अजून जुनी आवृत्ती आहे, त्यांनी तो पत्ता प्रोग्रामच्या पोर्टसह (पत्त्यापुढे लिहायच्या क्रमांकासह) एकदा वेगळ्या टॅबमध्ये उघडून धोक्याची सूचना मान्य करावी, म्हणजे बहुतेक वेळा काम होते. अर्थात हे फक्त स्वतःच्या संगणकाच्या पत्त्यापुरतेच करायचे. अनोळखी संकेतस्थळासाठी ती सूचना कधीही ओलांडू नये.

संकेतस्थळांच्या देखभालीचे काम करताना ब्राउझरची निवड हा थेट पैशाचा प्रश्न होतो. देवगड पट्ट्यातल्या एका बागायतदाराचे संकेतस्थळ शहरातल्या एका संस्थेने बनवून दिले होते. पेट्यांची छायाचित्रे सुरेख होती आणि अँड्रॉइडवर सगळे चालत होते, पण ऐन हंगामात मुंबईची काही नेहमीची गिऱ्हाइके फोन करून विचारू लागली की ऑर्डर नोंदवायची कुठे. ही सगळी माणसे आयफोनवाली होती. पानाची उंची पडद्याच्या शंभर टक्के ठेवलेली होती, आणि आयफोनवरच्या सफारीत ती उंची पत्त्याची पट्टी मिटलेली आहे असे धरून मोजली जाते. पट्टी उघडी असताना पानाचा तळ तिच्याखाली जातो, आणि ‘ऑर्डर नोंदवा’ हे बटण नेमके त्या तळालाच होते. यावर उपाय म्हणून प्रत्यक्ष दिसणारी उंची मोजणारी नवी एकके २०२२ मध्ये तिन्ही इंजिनांत आली, आणि त्यातले एक वापरल्यावर बटण वर आले. त्याच पानात मोबाईल क्रमांक तपासणारी एक ओळ अशी लिहिलेली होती की वेबकिटला ती मार्च २०२३ च्या सुधारणेपूर्वी समजतच नव्हती. असे झाले की ती एक ओळच नव्हे, तर ती ज्या फाइलमध्ये आहे ती अख्खी फाइल नाकारली जाते, आणि जुन्या आयफोनवर पान दिसते खरे, पण कोणतेही बटण दाबले तरी हालत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स घेतला तरी आत इंजिन वेबकिटचेच असते. हा नियम ॲपलने मार्च २०२४ मध्ये शिथिल केला तो युरोपीय संघापुरता, त्यामुळे आपल्या गिऱ्हाइकाला ‘क्रोममधून ऑर्डर द्या’ असे सांगून काहीच साधत नाही.

आंब्याचा हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा असतो, आणि त्यात आठवडाभर बटण दिसले नाही तर त्या मालाची वाट शेवटी दलालाकडेच जाते. म्हणून संकेतस्थळ बनवून घेणाऱ्या प्रत्येक बागायतदाराने आणि होमस्टेवाल्याने पैसे चुकते करण्यापूर्वी ते अँड्रॉइडवरचा क्रोम, कोणाचा तरी आयफोन आणि संगणकावरचा फायरफॉक्स अशा तिन्ही ठिकाणी स्वतः एक ऑर्डर देऊन पाहावे, असा माझा आग्रह असतो. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला हे इंटरॉप या उपक्रमात दरवर्षी ठरावीक गोष्टी सर्व इंजिनांत सारख्या चालाव्यात म्हणून एकत्र काम करत आहेत आणि इंजिनांमधली तफावत खरोखरच घटली आहे. आज तिन्ही ठिकाणी चालणारे पान बनवणे पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही.

मराठी वाचनाबाबत एक लहानशी गोष्ट. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये देवनागरीसाठी फॉन्ट आणि अक्षराचा किमान आकार वेगळा ठरवता येतो. चष्मा लावूनही बारीक अक्षर न दिसणाऱ्या ज्येष्ठांना अर्ज वाचायला देताना ही सोय फार उपयोगी पडते, आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये लिपीनुसार अशी निवड नाही. ब्राउझरचा मेनूही मराठीत मिळतो.

आक्षेप दोन आहेत आणि ते गंभीर आहेत. मोझिलाचे बहुतांश उत्पन्न गूगलला शोधयंत्र म्हणून पुढे ठेवण्याच्या करारातून येते, म्हणजे एकमेव स्वतंत्र पर्यायाची चूल प्रतिस्पर्ध्याच्या लाकडावर पेटते. दुसरे म्हणजे फायरफॉक्स वापरणारे कमी होत गेल्याने पोर्टल बनवणाऱ्यांना त्याकडे काणाडोळा करणे सोपे झाले आहे. यातला पहिला प्रश्न आपल्या हातातला नाही, दुसरा मात्र काही अंशी आहे.

अनेक केंद्रांत अजून विंडोज ७ वर चालणारे संगणक आहेत. त्यांच्यासाठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही जानेवारी २०२३ मध्ये आली, तर फायरफॉक्सने ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती देऊन तिच्या सुरक्षा दुरुस्त्या त्यानंतरही बराच काळ चालू ठेवल्या. अशा यंत्रावर पैशाचे व्यवहार शक्यतो करू नयेत, आणि केवळ उतारे काढण्यासाठी ते ठेवायचेच असेल तर हीच आवृत्ती बसवावी.

फायरफॉक्सच्या मेनूत बिघडलेल्या संकेतस्थळाची तक्रार करण्याची सोय आहे आणि ती प्रत्येक केंद्रचालकाने वापरावी. अशा तक्रारींवरून मोझिलाचे अभियंते विशिष्ट संकेतस्थळांपुरत्या दुरुस्त्या थेट ब्राउझरमध्ये घालतात. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, पुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि ‘कॉम्पॅट’ असे इंग्रजीत लिहिले की त्यांची यादी दिसते. एखादे पोर्टल अडले की मी आधी तिथून तक्रार पाठवतो, त्या खात्याच्या मदतकक्षाला पानाचे छायाचित्र जोडून ईमेल करतो, आणि मग क्रोम उघडून समोर बसलेल्या माणसाचे काम पूर्ण करतो.