वाक्प्रचारासाठी ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश: आधी लेबल वाचा, मग अर्थ

इंग्रजी वाक्प्रचारांच्या ज्या पुस्तिका बाजारात मिळतात त्यांचा साचा ठरलेला असतो: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये रेघ. एमपीएससीच्या बहुपर्यायी प्रश्नांपुरतं त्यात भागतं. पण परदेशातल्या क्लाएंटला मेल लिहायचा असेल, तर 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' उघडावी. ए. एस. हॉर्नबी यांच्या संपादनाखाली हा कोश ऑक्सफर्डने १९४८ साली काढला, दहावी आवृत्ती २०२० ची. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठीच तो बेतलेला आहे. संकेतस्थळ फुकट आहे, जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात.

बरेच जण पहिल्या शोधातच 'यात नाहीच' म्हणून कंटाळतात, कारण कुठे पाहायचं हे ठाऊक नसतं. वाक्प्रचार त्यातल्या पहिल्या वजनदार शब्दाखाली दिलेला असतो, म्हणजे नाम, क्रियापद, विशेषण किंवा क्रियाविशेषण. 'किक द बकेट' हवं तर 'किक' उघडा आणि खाली 'इडियम्स' या भागापर्यंत या. 'गेट', 'मेक', 'टेक' अशी सगळीकडे घुसणारी क्रियापदं मात्र सोडून द्यायची आणि पुढचा शब्द धरायचा. 'मेक एंड्स मीट' सापडतो तो 'एंड'खाली. तिथे 'बोथ' हा शब्द कंसात दिसेल. कंसातलं घेतलं तरी चालतं, गाळलं तरी चालतं. तिरकी रेघ असेल तर दोन्हींपैकी एक शब्द निवडायचा.

'समबडीज' आणि 'युअर' यांतला फरक बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. 'पुल समबडीज लेग' म्हणजे पाय दुसऱ्याचा. 'ब्लो युअर ओन ट्रम्पेट' म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणं, तुतारी ज्याची त्यानेच फुंकायची. वाक्यात कर्ता 'ही' असेल तर 'युअर'च्या जागी 'हिज' येणार. पुस्तिकांमध्ये हे कुणी सांगत नाही, आणि मग 'ही ब्लोज युअर ओन ट्रम्पेट' अशी वाक्यं जन्माला येतात.

'पुल समबडीज लेग'चा अर्थही नीट वाचण्यासारखा आहे. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं, खेकड्यांचा उद्योग. इंग्रजीत ती निव्वळ फिरकी घेणं आहे. ऑफिसातल्या कुरघोडीची तक्रार करताना हा वाक्प्रचार वापरलात, तर साहेबाला वाटेल की तुमची गंमत चालली आहे.

कोशाचा खरा कस लागतो लेबलांमध्ये. 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'ह्यूमरस', 'डिसअप्रूव्हिंग' हे तिरपे शब्द अर्थाच्या आधी वाचावेत. 'किक द बकेट' म्हणजे मरणे हे कुणालाही पाठ असतं. पण त्याला 'इन्फॉर्मल'चा शिक्का आहे. शोकसंदेशात ते लिहिणं म्हणजे 'गचकले' लिहिणं. ब्रिटिश-अमेरिकन शिक्केही तितकेच कामाचे. 'टेबल' हे क्रियापद लंडनच्या बैठकीत आलं तर प्रस्ताव चर्चेला मांडला, न्यूयॉर्कमध्ये आलं तर तो पुढे ढकलला. बैठकीच्या एकाच इतिवृत्तातून दोन टीम उलट अर्थ काढू शकतात. 'पास आउट'ही तपासा. आपण कॉलेजातून 'पास आउट' होतो. कोशात ब्रिटिश वापर आहे तो लष्करी प्रशिक्षण संपवून बाहेर पडण्याचा, आणि दुसरा अर्थ बेशुद्ध पडणे. बायोडेटात 'ग्रॅज्युएटेड' लिहा.

आता उणिवा. एखादा वाक्प्रचार किती झिजलाय हे इथे कळत नाही. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' शाळेच्या निबंधात अमर आहे, पण रोजच्या बोलण्यात 'इट्स पोअरिंग' म्हटलेलं बरं. शब्दरचना कितपत हलवता येते यावरही कोश गप्प असतो. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणं. त्याचं 'द बीन्स वेअर स्पिल्ड' केलं तरी चालतं, भांडं फुटल्याचाच अर्थ राहतो. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की मरण जातं आणि खरोखरची बादली उरते. अशा वेळी उदाहरणवाक्यं नीट पाहायची आणि त्यांत दिसेल तेवढाच बदल करायचा.

जोडीला दुसरा कोश हवाच असेल तर लाँगमनचा घ्या, तोही ऑनलाइन फुकट आहे. त्याच्या व्याख्या साधारण २,००० सोप्या शब्दांत बसवलेल्या असतात, त्यामुळे एक अर्थ कळण्यासाठी आणखी तीन शब्द शोधत बसावं लागत नाही. बारावीपर्यंतच्या मुलांना आधी तोच द्यावा. छापील ऑक्सफर्ड जाडजूड आहे, पिशवीत घेऊन फिरण्याचं काम नाही. ज्यांना फक्त वाक्प्रचारच पाहायचे आहेत त्यांनी त्यावर पैसे घालू नयेत, संकेतस्थळ पुरेसं आहे.