परसातल्या कोंबड्यांना कोंबडा: घरचा ठेवावा की बाजारातून आणावा?

फक्त खायला अंडी हवी असतील तर कोंबडा ठेवूच नका. त्याच्याशिवायही कोंबडी अंडं देते, आणि शेजाऱ्यांची पहाटेची झोप वाचते. खुडूक कोंबडी बसवून पिल्लं काढायची असतील तरच पुढचं वाचा. आठ-दहा कोंबड्यांत एक पुरतो. दोन ठेवले की भांडण त्यांचं आणि पाठीवरची पिसं जातात कोंबड्यांची.

घरच्या खुराड्यात वाढलेला पठ्ठा सगळ्यात सोयीचा. पैसा लागत नाही, बाहेरून रोग येत नाही, अंगणातलं मांजर आणि वरची घार त्याला ठाऊक. गोम एवढीच की तो त्याच कोंबड्यांचा भाऊ नाहीतर पोरगा. एखादं वर्ष निभतं. पण तेच रक्त फिरत राहिलं की अंडी कमी फुटतात, पिल्लं मरतुकडी निघतात. माझ्याकडे चौथ्या वर्षी बारा अंड्यांतून पाचच पिल्लं आली, तेव्हा मी शहाणा झालो.

बाजारातला गावरान म्हणजे नवं रक्त. सातपुड्याच्या पायथ्याच्या आठवडे बाजारांत पाड्यांवरचे घरचे कोंबडे येतात. अंगानं हलके, पायानं लांब, उन्हाला टिकणारे. धोका रोगाचा. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, एका कोंबड्याबरोबर घरात येते आणि खुराडं रिकामं करते. बर्ड फ्लूनं नवापूरला 2006 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये काय झालं ते खान्देशात कुणाला सांगायला नको. म्हणून आणलेला कोंबडा तीन आठवडे लांब, वेगळ्या टोपल्याखाली. मानमोडीची लस घरच्या कोंबड्यांना आधीच दिलेली असावी. तो मिसळल्यावर लगेच अंडी बसवू नका. जुन्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे राहतं.

काळा कडकनाथ जवळच्या, मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, 2018 पासून त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन, भावही तसाच. गावरान कोंबड्यांत सोडलात तर पिल्लं काळी दिसली तरी ती कडकनाथ नव्हेत, त्या भावानं कुणी घेणार नाही. वनराजा, गिरिराज या वजनदार सुधारित जाती मांसाला उत्तम, पण सव्वा किलोच्या गावरान कोंबडीवर तो धोंडा बसवणं मला पटत नाही. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की धापाही आधी तोच टाकतो.

आता स्वभाव. इथे बहुतेकजण फसतात, मीही फसलो. हातावर येऊन दाणे टिपणारं, न घाबरणारं पिल्लू लाडकं होतं आणि सहाव्या महिन्यात तेच मागून पोटरीला काटा मारतं. माणसाची भीतीच त्याला उरलेली नसते. घरात लहान पोरं असतील तर असला कोंबडा थेट रश्श्यात. थोडं अंतर राखणारा, दाणा सापडला की आधी कोंबड्यांना कुटकुट करून बोलावणारा पठ्ठा निवडा. बाजारात हे दिसत नाही, म्हणून तिथे निदान तुरा लालभडक, डोळे स्वच्छ, बोटं सरळ, शेपटीखाली कोरडं एवढं बघा. पायाचा काटा बारीक म्हणजे वय कमी.

मी दर दोन वर्षांनी घरचा कोंबडा दुसऱ्या गावातल्या मेहुण्याच्या कोंबड्याशी बदलतो. बाजारभाव नाही, दलाल नाही. तीन आठवड्यांची टोपली मात्र त्यालाही चुकत नाही.